वसाहतकालीन अमेरिकेतल्या मिलिशिया अधिकाऱ्याचं घराणं कसं शोधावं

मराठी घरांत अमेरिकन सून किंवा जावई ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. नातवंडांच्या शाळेत वंशवृक्षाचा प्रकल्प निघतो, तेव्हा आपल्या बाजूचं मूळ गाव, कूळ, चार-पाच पिढ्यांची नावं घरातली वडीलधारी मंडळी सांगून टाकतात. दुसऱ्या बाजूकडून मात्र पुष्कळदा एकच वाक्य हाती येतं: "आमच्यातले कुणीतरी स्वातंत्र्ययुद्धाच्या आधी मिलिशियात कॅप्टन होते." या एका वाक्यावरून कागदोपत्री टिकेल असा वंश लावता येतो. बोस्टनच्या आसपास राहणाऱ्यांना तर मूळ कागद जाऊन पाहता येतात, आणि पुण्या-नाशकात बसूनही बरंचसं काम फुकट होतं.

अनोळखी घराण्यावर एकदम उडी घेऊ नका. उत्तर माहीत आहे अशा माणसावर आधी हात बसवा. त्यासाठी मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनच्या कॅप्टन जॉन पार्करइतकं चांगलं उदाहरण मला तरी दुसरं सुचत नाही. जन्म १३ जुलै १७२९, लेक्सिंग्टनलाच. १९ एप्रिल १७७५ च्या पहाटे गावच्या मैदानावर ब्रिटिश फौजेसमोर सुमारे ७७ माणसं घेऊन उभा राहिलेला हा शेतकरी तेव्हाच क्षयानं पोखरलेला होता, आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला तो वारला. त्याचा वंश छापलेला आहे, कागद उपलब्ध आहेत, आणि त्याच्याभोवती दंतकथाही भरपूर आहेत. शिकायला हे सगळं लागतंच.

मिलिशिया म्हणजे कोण?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या ईशान्येकडच्या वसाहतींत, साधारण १६ ते ६० वयाच्या पुरुषांना गावच्या कंपनीत नाव घालावं लागे. ठरलेल्या दिवशी कवायत होई, बंदूक ज्याची त्यानं आणायची. कंपनी गावाची, रेजिमेंट काउंटीची. कंपनीवर कॅप्टन, त्याखाली लेफ्टनंट आणि एन्साइन, त्यांच्याखाली सार्जंट.

मोहिमेवर जाणारी फौज मात्र वेगळी उभारली जाई. १७४५ मध्ये विल्यम पेपरेलच्या हाताखाली फ्रेंचांचा लुईबर्गचा किल्ला घ्यायला गेलेले न्यू इंग्लंडचे हजारो लोक त्या मोहिमेपुरते भरती झालेले होते. त्यांना पगार होता, म्हणून त्यांचे मस्टर आणि पगारपट आहेत. गावातल्या कवायतीला पगार नव्हता, त्यामुळे वीस वर्षं गावचा कॅप्टन राहिलेल्या माणसाचं नाव एकाही मस्टरवर नसणं अगदी शक्य आहे. नाव मिळालं नाही म्हणून घरची गोष्ट खोटी ठरवू नका, आणि मिळालं म्हणून तो आपलाच माणूस असंही धरू नका. तिसरा वर्ग ब्रिटिश राजाच्या खड्या फौजेचा. त्या अधिकाऱ्यांचे कागद लंडनला क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये असतात आणि आपल्या गावकरी कॅप्टनचा त्यांच्याशी सहसा संबंध नसतो.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच मनात धरावी. ही मिलिशिया मुख्यतः मूळ अमेरिकन जमातींशी लढण्यासाठी उभी राहिली होती. १६७५-७६ च्या किंग फिलिपच्या युद्धात (किंग फिलिप हे वॅम्पानोग जमातीच्या प्रमुखाचं इंग्रजांमधलं नाव) गावंच्या गावं जळाली, ती दोन्ही बाजूंची. घराण्याचा इतिहास लिहिताना 'शूर पूर्वज' एवढंच लिहून पुढं जाणं मला पटत नाही. तो कुठं आणि कुणावर चालून गेला, हेही नोंदवावं.

खालून वर चढा

कॅप्टनपासून खाली उतरण्याचा मोह फार होतो. इंटरनेटवर त्याची सगळी मुलं दिसतात, त्यातलं एक नाव आपल्या आजेसासऱ्यांच्या नावाशी जुळतं, आणि तिथंच चुकीची फांदी जोडली जाते. आज हयात असलेल्या माणसापासून सुरुवात करा. एकेक पिढी वर जा, आणि प्रत्येक पायरीवर 'हा अमक्याचा मुलगा' असं सांगणारा कागद असल्याशिवाय पुढची पायरी चढू नका.

१८५० ची जनगणना हा पहिला मोठा टप्पा. त्या वर्षापासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आणि वय लिहिलं जाऊ लागलं. त्याआधी, १७९० च्या पहिल्या जनगणनेपासून १८४० पर्यंत, फक्त घरच्या कर्त्याचं नाव आणि बाकीच्यांचे आकडे मिळतात. मॅसॅच्युसेट्सनं १८४१ पासून राज्य पातळीवर जन्म-मृत्यू नोंदी ठेवल्या. त्याआधीच्या नोंदी गावोगावच्या वह्यांत आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बऱ्याच गावांच्या १८५० पर्यंतच्या नोंदी वर्णानुक्रमानं छापल्या गेल्या. हे खंड इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचायला मिळतात. छापलेली नोंद ही नक्कल आहे हे मात्र विसरू नका. फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावर मूळ वहीच्या पानाचं छायाचित्र असेल तर तेही उघडून पाहा.

पार्करचा वंश असा लागतो: थॉमस पार्कर, त्याचा मुलगा हननाया, त्याचा जॉन, त्याचा जोसाया, आणि जोसायाचा मुलगा आपला कॅप्टन जॉन. कॅप्टनचं लग्न १७५५ मध्ये लिडिया मूरशी झालं, त्यांना सात मुलं. त्यांतल्या जॉनचा मुलगा थिओडोर पार्कर, जन्म १८१०, पुढं गुलामगिरीविरुद्ध लढणारा धर्मोपदेशक म्हणून गाजला. एका सरळ रेषेत तीन जॉन पार्कर! शिवाय पार्कर हे धंद्यावरून पडलेलं आडनाव. एकमेकांशी काहीही नातं नसलेली कितीतरी पार्कर घराणी त्याच काउंटीत नांदत होती. नावावरून माणूस ठरत नाही, हा धडा इथं पहिल्याच घराण्यात मिळतो.

गाव कोणतं, काउंटी कोणती

कागद शोधायचा म्हणजे तो त्या काळी कोणत्या कचेरीत पडला असेल हे आधी ठरवायचं. लेक्सिंग्टन पूर्वी केंब्रिजचा भाग होतं, नाव होतं केंब्रिज फार्म्स. १७१३ मध्ये ते स्वतंत्र गाव झालं. त्याआधी तिथं जन्मलेल्याची नोंद लेक्सिंग्टनच्या वहीत शोधून काय उपयोग? ती केंब्रिजला पाहायची. जमीन आणि वारसाहक्काचे कागद काउंटीचे, म्हणजे इथं मिडलसेक्सचे. ही काउंटी १६४३ ची. नकाशा काढा, गावाच्या सीमा कधी बदलल्या ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि मगच शोध सुरू करा.

हुद्दा हाच धागा

साध्या शेतकऱ्याच्या तुलनेत अधिकाऱ्याचा माग काढणं सोपं असतं, कारण त्याचा हुद्दा त्याच्या नावाला जन्मभर चिकटतो. एकदा लेफ्टनंट झाला की खरेदीखतात लेफ्टनंट, चर्चमधल्या जागेच्या यादीत लेफ्टनंट, थडग्याच्या दगडावर लेफ्टनंट. एकाच गावात एकाच नावाची तीन माणसं असली तरी हुद्द्यामुळे ती वेगळी काढता येतात.

एक तक्ता करा. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात कागदाचा प्रकार, तिसऱ्यात नाव जसंच्या तसं, चौथ्यात हुद्दा, पाचव्यात धंदा, सहाव्यात बायकोचं नाव, सातव्यात साक्षीदार. मिळेल तो प्रत्येक कागद यात चढवा, 'आपला' वाटो न वाटो. मग तारखेप्रमाणे लावा. सार्जंट, एन्साइन, लेफ्टनंट, कॅप्टन असा हुद्दा काळाबरोबर वर चढत गेला तर बहुधा एकच माणूस. पण १७३८ च्या खतात कॅप्टन आणि १७४५ च्या खतात त्याच नावाचा एन्साइन, असं दिसलं की दोन माणसं आहेत हे पक्कं समजा. कारकुनाकडून कधी हुद्दा लिहायचा राहून जातो, त्यामुळे हुद्दा नसण्यावरून काही ठरवू नये. हुद्दा उतरलेला दिसला तर मात्र थांबावं. धंद्याचा रकानाही बोलका असतो. तरुणपणी 'योमन', म्हणजे स्वतःची जमीन कसणारा, असं लिहिलेला माणूस कॅप्टन झाल्यावर पुष्कळदा 'जंटलमन' होतो.

नावापुढच्या 'ज्युनियर', 'सीनियर' या शब्दांनी फसू नका. गावात त्या नावाची दोन माणसं असली की वयानं मोठा तो सीनियर आणि धाकटा तो ज्युनियर, मग ते काका-पुतणे असोत की परके. मोठा वारला की कालचा ज्युनियर आज सीनियर होतो, आणि त्या नावाचा 'तिसरा' कुणी असेल तर तो ज्युनियर बनतो. म्हणून या शब्दाशेजारी तारीख नसेल तर त्याला किंमत नाही.

वारसाहक्काचे कागद: इथं वेळ घाला

माझ्या मते या सगळ्या कामात प्रोबेटच्या, म्हणजे मयताच्या मालमत्तेच्या न्यायालयीन, फायलीइतकं मोलाचं काही नाही. जन्माची नोंद गहाळ होते, चर्चची वही जळते, पण जमीनजुमला वाटायचा असला की लोक कागद जपून ठेवतात. मिडलसेक्स काउंटीच्या १६४८ ते १८७१ च्या फायली न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटीच्या अमेरिकन अँसेस्टर्स या संकेतस्थळावर चढवलेल्या आहेत. १८४५ ची ही बोस्टनची संस्था या विषयातलं सर्वांत जुनं ठिकाण. सूचीत नाव मिळालं की तेवढ्यावर समाधान मानू नका, फाइलमधला प्रत्येक कागद उलगडून वाचा.

मृत्युपत्र असेल तर मुलांची नावं सरळ मिळतात. पण खरा खजिना मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाच्या वाटणीत असतो. मॅसॅच्युसेट्सचा त्या काळचा कायदा असा: विधवेला तिसरा हिस्सा, आणि उरलेल्यातून सगळ्या मुलांना सारखा वाटा, फक्त थोरल्या मुलाला दुप्पट. म्हणजे मुलं पाच असतील तर वाटे सहा पडतात. आता वाटणीपत्र हातात घ्या. कुणाच्या नावापुढं दोन वाटे आहेत? तो थोरला मुलगा, त्याच्या जन्माची नोंद कुठंही नसली तरी. 'अमक्याची बायको, मयताची मुलगी' अशी नावं दिसतील. लग्न होऊन आडनाव बदललेल्या लेकी एरवी कुठंच सापडत नाहीत, त्या इथं नवऱ्यासकट भेटतात. आणि एखाद्या मुलाचा वाटा त्याच्या मुलांना गेला असेल, तर तो बापाच्या आधी वारला हेही कळतं.

मुलं अज्ञान असली तर पालक नेमल्याचे कागद असतात. चौदा वर्षांवरचं मूल स्वतःचा पालक स्वतः निवडी. त्याखालच्या मुलाला न्यायाधीश नेमून देई. त्यामुळे १७७६ च्या एखाद्या अर्जात दोन भावंडांनी पालक निवडला आणि तिघांना नेमून दिला असं दिसलं, की पहिली दोघं १७६२ च्या आधीची आणि उरलेली तिघं त्यानंतरची, एवढं तरी हाती लागतं.

मग मालमत्तेची यादी. गावातले तीन जाणते लोक घरात फिरून भांड्याकुंड्यांपासून गाईगुरांपर्यंत किंमत लिहीत. अधिकाऱ्याच्या यादीत तलवार, बंदूक, काडतुसाची पेटी दिसली की हुद्द्याला दुजोरा मिळतो. याच याद्यांत कधी माणसंही असतात, किमतीसकट. न्यू इंग्लंडमध्ये गुलामगिरी नव्हती हा समज या याद्या वाचल्यावर टिकत नाही. लेक्सिंग्टनच्या मैदानावर पार्करच्या कंपनीत प्रिन्स एस्टाब्रुक उभा होता. तो बेंजामिन एस्टाब्रुकच्या मालकीचा गुलाम होता आणि त्या सकाळी तो जखमी झाला. यादीत असं नाव भेटलं तर ते उतरवून घ्या. त्याच्या वंशजांना आपला पूर्वज शोधायला कदाचित तेवढाच एक कागद मिळणार असतो.

खरेदीखतं, आणि युद्धाच्या बदल्यात मिळालेली जमीन

खरेदीखतांच्या दोन सूची असतात, एक विकणाऱ्यांची आणि एक घेणाऱ्यांची. दोन्ही पाहा. एखाद्याच्या नावानं जमीन विकल्याचं खत आहे पण घेतल्याचं नाही, तर ती बहुधा वारशानं आली. कुणाकडून ते चतुःसीमांवरून आणि शेजाऱ्यांच्या नावांवरून कळतं. साक्षीदार बहुधा नात्यातले असतात. फॅमिलीसर्चनं २०२४ मध्ये हस्तलिखित खतांचा मजकूर संगणकाला वाचायला लावून शोधण्याची सोय दिली. त्यामुळे साक्षीदार म्हणून आलेलं नावही सापडतं, जे कोणत्याही सूचीत नसतं. नवख्यानं इथून सुरुवात करायला हरकत नाही.

किंग फिलिपच्या युद्धातल्या सैनिकांना कबूल केलेली जमीन प्रत्यक्षात मिळाली ती जवळजवळ साठ वर्षांनी. डिसेंबर १६७५ च्या, नॅरागॅन्सेट जमातीवरच्या मोहिमेत लढलेल्यांसाठी सात वसाहती आखल्या गेल्या. आजचं वेस्टमिन्स्टर आणि मेन राज्यातलं गोरहॅम ही त्यांतली दोन गावं. तोवर बहुतेक सैनिक वारलेले होते. दावा मुलांनी, नातवांनी, जावयांनी केला, आणि यादीत कोण कुणाच्या हक्कानं मागतो आहे हे लिहिलं गेलं. दोन पिढ्यांचं नातं एका ओळीत देणाऱ्या या याद्या छापलेल्या आहेत. पूर्वज १६७५ च्या सुमारास न्यू इंग्लंडमध्ये असेल तर त्या नक्की चाळा.

स्वातंत्र्ययुद्धातल्या सेवेसाठी मॅसॅच्युसेट्सनं १८९६ ते १९०८ या काळात सतरा खंडांत सैनिकांची वर्णानुक्रमे सूची काढली. पेन्शनच्या फायली वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. १८१८ आणि १८३२ च्या कायद्यांनी सैनिकांना आणि १८३६ पासून अनेक विधवांना पेन्शन मिळालं. लग्न सिद्ध करायला काहींनी घरच्या बायबलमधलं जन्म-लग्नाच्या नोंदींचं पान फाडून अर्जाला जोडलं. पार्कर १७७५ मध्येच गेला, त्यामुळे त्याची स्वतःची पेन्शन फाइल असण्याचा प्रश्नच नाही. पण हाताखालच्या माणसांच्या अर्जांत कॅप्टनचं नाव येतं, म्हणून कंपनीतल्या सगळ्यांच्या फायली वाचाव्यात.

तारखा, नाती, अक्षर

१७५२ पर्यंत इंग्लंडच्या वसाहतींत वर्ष २५ मार्चला बदलत असे. त्यामुळे जानेवारी ते २४ मार्चच्या तारखांना दोन वर्षं लावलेली दिसतात; लेक्सिंग्टन गाव झाल्याची मार्चमधली तारीख जुन्या पद्धतीनं १७१२/१३ अशी लिहितात. दोन्ही आकडे उतरवून घ्या, एक गाळू नका. एक मूल एप्रिल १७२० चं आणि दुसरं फेब्रुवारी १७२० चं दिसलं तर गोंधळू नका. ते फेब्रुवारी आपल्या हिशेबानं १७२१ चं. महिना आकड्यानं लिहिला असेल तर पहिला महिना मार्च. १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला, हेही ध्यानात असू द्या.

नात्याच्या शब्दांबाबत मराठी माणसानं जास्त सावध राहावं, कारण आपल्याला पुतण्या, भाचा, मेहुणा, सावत्र मुलगा हे वेगळे ऐकायची सवय असते. या कागदांत 'कझिन' म्हणजे पुतण्या किंवा भाचाही असतो, 'ब्रदर' म्हणजे मेहुणा किंवा चर्चमधला सोबती, आणि 'सन-इन-लॉ' म्हणजे कधी कधी सावत्र मुलगा.

सतराव्या शतकातलं अक्षर पहिल्यांदा वाचताना मोडीचा कागद समोर आल्यासारखं होतं. उपाय तोच: एकाच कारकुनाची चार-पाच पानं ओळीनं वाचा, महिन्यांची आणि गावांची ओळखीची नावं शोधून त्यावरून अक्षरं बसवा.

दगड, पुतळे आणि सांगोवांगी

लेक्सिंग्टनच्या मैदानावर एका मोठ्या दगडावर पार्करचे शब्द कोरले आहेत: जागा सोडू नका, त्यांनी गोळी झाडल्याशिवाय झाडू नका, पण त्यांना युद्धच हवं असेल तर ते इथंच सुरू होऊ द्या. हे शब्द एकोणिसाव्या शतकात, गावातल्या आठवणींतून आणि नातू थिओडोरच्या लिखाणातून पुढं आले. पार्करनं स्वतः २५ एप्रिल १७७५ ला, लढाईनंतर सहाच दिवसांनी, शपथेवर जबानी दिली. तीत तो म्हणतो, की फौजेनं छेडल्याशिवाय तिच्या वाटेला जायचं नाही असं आमचं ठरलं होतं, आणि ती एकाएकी जवळ आल्यावर मी माणसांना ताबडतोब पांगायचा आणि गोळी न झाडण्याचा हुकूम दिला. दोन्ही जवळजवळ ठेवून वाचा. जबानीलाही हेतू असतो, कारण दोष इंग्रजांवर टाकायचा होता. पण ती त्याच आठवड्यातली आहे. घराण्याच्या इतिहासात दोन्ही लिहा आणि कोणतं कधीचं ते सांगा.

त्याच्या स्मारकाचा दगड १८८४ मध्ये गावानं बसवलेला. चौकातल्या १९०० च्या पुतळ्याचा चेहराही त्याचा नाही, त्याचं चित्र उपलब्धच नाही. लुईबर्ग आणि क्यूबेकच्या लढायांत तो होता असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळेल. तसं लिहिण्याआधी मस्टरवरचा जॉन पार्कर लेक्सिंग्टनचाच, हे वरच्या तक्त्यानं दाखवता यायला हवं. फाइंड अ ग्रेव्ह या थडग्यांच्या संकेतस्थळावरचा मजकूर आणि कुणालाही बदलता येणारे सामायिक वंशवृक्ष हे दिशा दाखवण्यापुरतेच.

पूर्वज दुसऱ्या वसाहतीतला असेल तर पद्धत तीच, कचेऱ्या वेगळ्या. व्हर्जिनियात गावाऐवजी काउंटी आणि चर्चचा पॅरिश धरून चालावं लागतं; जपून ठेवण्यासाठी रिचमंडला पाठवलेली अनेक काउंट्यांची दप्तरं एप्रिल १८६५ च्या आगीत गेली. पेनसिल्व्हेनियात युद्ध न मानणाऱ्या क्वेकर पंथाच्या प्रभावामुळे सक्तीची मिलिशिया १७७७ पर्यंत नव्हती, म्हणून तिथल्या '१७२० च्या मिलिशिया कॅप्टन'बद्दल आधी पुरावा मागा.

समुद्रापलीकडे जाण्याआधी

अमेरिकेतली शेवटची पिढी सिद्ध झाली की प्रत्येकाला इंग्लंडमधलं गाव हवं असतं. इथं सर्वांत जास्त बनावट माल आहे. गुस्ताव्ह अँजू नावाच्या माणसानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीमंत घराण्यांसाठी पैसे घेऊन खोट्या वंशावळी रचल्या, आणि त्या अजूनही नकलांमधून फिरत आहेत. छापील वंशावळीत इंग्लंडमधल्या सरदार घराण्याशी आणि ढालीवरच्या चिन्हाशी सहज सांधा जुळलेला दिसला, तर ती कुणी तयार केली हे आधी पाहा. १६३५ च्या आसपास आलेल्यांसाठी रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांचा १९८८ पासूनचा 'ग्रेट मायग्रेशन' प्रकल्प प्रमाण मानावा.

जनुकीय चाचणीचा उपयोग इथं मर्यादित पण खरा आहे. आठ पिढ्या मागं २५६ पूर्वज होतात, त्यामुळे साध्या चाचणीतून एका कॅप्टनपर्यंत पोचणं जवळजवळ अशक्य. बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र मात्र पिढ्यान्‌पिढ्या फारसं बदलत नाही. एकाच आडनावाच्या दोन पुरुषांची चाचणी जुळली नाही, तर ती घराणी पुरुषाकडून एक नाहीत हे ठरतं. पार्करसारख्या आडनावात एवढ्यानंही निम्मी गर्दी बाजूला होते.

पार्करच्या बाबतीत छापील इतिहास सांगतो, की मूळ पुरुष थॉमस १६३५ मध्ये लंडनहून 'सुझन अँड एलिन' जहाजानं निघाला आणि पुढं रेडिंग गावात स्थायिक झाला. जहाजाच्या यादीतलं नाव आणि रेडिंगच्या वहीतलं नाव यांमध्ये इतक्या सामान्य नावासाठी आणखी एखादा सांधा मागायला हवा: इंग्लंडमधल्या एखाद्या नातेवाइकाचं मृत्युपत्र, ज्यात 'न्यू इंग्लंडमध्ये असलेला माझा भाऊ थॉमस' असा उल्लेख असेल. लंडनमधल्या क्यूच्या संग्रहात कँटरबरीच्या न्यायालयाची त्या काळची मृत्युपत्रं घरबसल्या शोधता येतात. तसा कागद मिळेपर्यंत तक्त्यातल्या त्या ओळीपुढं प्रश्नचिन्ह ठेवा आणि वंशवृक्ष रेडिंगला थांबवा.